सोळा खडे आणि साठ पावलं

किसननाना चालताना बोलत नसत. समोरून येणाऱ्याने "काय नाना, बरं आहे ना?" म्हटलं तरी नुसती मान हलवून पुढे जायचे. जळगावातल्या पिंप्राळ्यात, आमच्या कॉलनीत नवीन राहायला आलेल्या प्रत्येकाला हा म्हातारा शिष्ट वाटायचा. मलाही वाटला होता. खरी गोष्ट अशी होती की नाना पावलं मोजत असत. शंभर झाली की सदऱ्याच्या डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात जायचा. सोळा खडे जाऊन वर साठ पावलं झाली की एक किलोमीटर. मग तेच खडे उजवीकडून डावीकडे परत निघायचे. मध्येच कोणी बोलकं माणूस भेटलं तर हिशेब चुकायचा, म्हणून ते तोंड मिटून चालत.

नाना रेल्वेत कीमन होते. रूळ ज्या आडव्या स्लीपरांवर बसवलेला असतो, त्यांच्याशी त्याला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्याने त्या सैल होतात. कीमनने रोज हातोडा खांद्यावर टाकून आपल्या वाट्याची लाईन पायी तपासायची, सैल चावी ठोकायची, टोकाला पोचायचं आणि परत यायचं. या वाट्याला ते लोक 'बीट' म्हणतात. नानांची बीट सुरत लाईनवर, तिकडे धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या बाजूला होती. एकतीस वर्षं ते स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत चालले, आणि किलोमीटरला सोळाशे साठ स्लीपर, तेवढंच त्यांचं पाऊल कायमचं होऊन बसलं. रस्त्यावर आले तरी ते पाऊल बोटभर लांबलं नाही की आखडलं नाही. आमच्या प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे पटेना. त्याने एका रविवारी स्कूटर काढून नानांनी सांगितलेले तीन किलोमीटर मोजले. काटा बरोबर तीनवर आला, आणि दोन दिवसांनी तो स्वतःहून नानांना चहाला बोलावून आला.

माझी आणि नानांची ओळख झाली ती दमल्यामुळे. मला नेमकं काय झालं होतं ते सांगायची लाज वाटते, कारण काहीच झालं नव्हतं. साखर काठावर होती, बाकी सगळे रिपोर्ट चांगले. शेहेचाळीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, घरात सासूबाईंचं दुखणं, शाळेत शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्याचं काम जास्त. सकाळी उठायचे तीच दमलेली. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून मी कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये गोल गोल फिरायला लागले. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला.

"बाई, घाणाना बैल मायक एकच जागावर काय फिरी ऱ्हायन्यात?"

वळून पाहिलं तर नाना. घाण्याच्या बैलासारखी, म्हणाले होते ते. मला राग आला, पण खोटं काही नव्हतं त्यात.

"मग कुठे फिरू?"

"जावानं आन् येवानं. बीट म्हंजे जाई येवानी ऱ्हास. गोल फिरीसन मानूस कोठेच पोचत नही."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते आमच्या फाटकापाशी उभे होते. मी येईन की नाही हे विचारलंच नव्हतं त्यांनी. मी चपला घालून निघाले तर पायांकडे बघून म्हणाले, "बूट?" मी परत जाऊन मुलाचे जुने बूट घालून आले. अशी माझी नोकरी सुरू झाली.

महिन्याचं उद्दिष्ट असायचं, आणि ते लिहिलं जायचं अक्कांच्या कॅलेंडरवर. अक्का म्हणजे नानांची बायको. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, चतुर्थी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची भेट असं सगळं नांदत असे. महिना पालटला की नाना तांबड्या पेन्सिलीने त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक शब्द लिहीत. पहिल्या महिन्यात लिहिलं, 'मोरी'. म्हणजे रेल्वे गेटापलीकडच्या नाल्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन यायचं, महिनाभर, रोज. दुसऱ्या महिन्यात 'वजनकाटा'. तिसऱ्यात 'रसवंती'. किलोमीटर विचारले तर सांगत, पण लिहीत नसत. माझ्या मोबाइलमध्ये धावणाऱ्यांसाठीचं ॲप होतं. ते मला रोज शाबासकी द्यायचं, आणि एखाद्या दिवशी गेले नाही की उदास चेहरा पाठवायचं. नानांनी ते एकदा पाहिलं आणि विचारलं, "हाई कोन? याले काय कराना आपला?"

उन्हाळा आला आणि मी उत्साहात म्हटलं, "नाना, आता पेट्रोल पंपापर्यंत?" नानांनी पेन्सिल उचलली आणि 'वजनकाटा' लिहिलं. एक पायरी खाली. मला अपमान वाटला. ते म्हणाले, "उन्हायामा रूळ वाढस, बाई, मानूसनी कमी व्हवानं." आणि आठवड्यातले दोन दिवस सक्तीची सुट्टी. मी कुरकुरले तर म्हणाले, "रूळ रूळले चिटकाडी ठेवा ते तो वाकडा व्हस. मझार फट लागस." दोन रुळांच्या मध्ये फट सोडतात, तशी दोन दिवसांच्या मध्ये. शाळेच्या शिक्षक प्रशिक्षणात मी ताणतणावावर तीन तासांचं व्याख्यान ऐकलेलं आहे. त्यातलं एक अक्षर आठवत नाही, ही फट मात्र आठवते.

मी रोज एकदा तरी म्हणायचेच, "नाना, आज फार थकलेय." माझा तो राम राम होता म्हणा ना. पहिल्या पावसानंतर एकदा, रस्त्याच्या कडेचा चिखल चुकवत चाललो होतो, तेव्हा त्यांनी मोजणं थांबवलं. हा मोठा मान होता. खिशावर हात ठेवून म्हणाले, "थकवा कोठेच जात नही, बाई. तो संगे चालस. त्याले चालू देवानं. पन पुढे व्हऊ देवानं नही." आणि पुन्हा मोजायला लागले. त्यांच्या पायांच्या नसा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या, एक गुडघा पावसाळ्यात आवाज करायचा. ते स्वतःही थकलेलेच होते, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं. रस्त्यात एखादा सैल फरसबंदीचा ठोकळा दिसला तरी टाचेने दाबून बसवल्याशिवाय त्यांना पुढे जाववायचं नाही, आणि वाकताना दर वेळी तोंडातून बारीक 'हूं' निघायचा.

पावसाळा संपताना धावणं सुरू झालं. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. नानांच्या पळण्याला पळणं म्हणायला धाडस लागेल. पाऊल तेवढंच, फक्त झपझप. कॉलेजची पोरं बाजूने सूं करत निघून जायची, काही हसायचीही. मी शरमून बाजूला व्हायचे. नाना आधीच बाजूला झालेले असत. "गाडी उनी का बाजूले व्हवानं," ते म्हणत, "गाडीसंगे भांडानं नही."

डिसेंबरात शहरात शर्यत होणार असल्याचे फलक लागले. दहा किलोमीटर. मैदानातून निघून असोद्याच्या रस्त्याने पाच किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. दीड तासाच्या आत येईल त्याला पदक. मी नुसतं वाचून दाखवलं. नानांनी विचारलं, "जाई येवानं शे?" म्हटलं, हो, जाऊन यायचंच आहे. "मंग ते बीटच शे," ते म्हणाले, आणि संध्याकाळी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात गेले, तर कॅलेंडरच्या शेजारी भिंतीवर एक नवा खिळा ठोकलेला.

"पदकसाठे," अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या. "भेटाना आदीच खिया ठोकी ठेवा. एकतीस वरीस चालनात, गयामा काय पडनं? घामोरं!"

नाना हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आपलं काम चांगलं व्हयनं ते काय व्हस, बाई? काहीच व्हत नही. गाडी निंघी जास. वाईट व्हयनं तेच लोकेस्ले दिसस." मग जरा वेळाने, "एकदाव दखू. पोचना म्हनीसन कोनी काही गयामा टाकस का."

साठी उलटलेला तो माणूस हे अगदी साधेपणाने बोलला. त्या महिन्यापासून मला माझ्या पदकाची फिकीर राहिली नाही; नानांच्या खिळ्यावर ते लटकलेलं बघायचं होतं. आणि ते अवघड नव्हतं. सरावात नाना दहा किलोमीटर एक तास वीस मिनिटांत करत होते, घड्याळ लावून घ्यावं असे. मीच मागे पडायचे, सात-आठ मिनिटांनी. तेही दीड तासात बसलं असतं, कसंबसं.

आदल्या दिवशी नंबराचे कागद सदऱ्यांना टाचताना नाना म्हणाले, "फिरवानी जागावर मी उभा ऱ्हासू. तुम्ही उन्यात का मंग दोन्ही संगे."

"नाना, थांबू नका हं. तुमचा वेळ जाईल."

"भेटाबिगर कसा फिरू? समोरना मानूस भेटाबिगर फिरानं नही."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. बीटच्या टोकाला पुढच्या बीटचा माणूस समोरून येतो, त्याची गाठ पडल्यावर दोघांनी आपापल्या वाटेने परतायचं, अशी त्यांची रीत. मोरीपाशीसुद्धा नाना माझी वाट बघत उभे राहायचेच. मी हसून टाचणी लावली आणि विषय सोडून दिला.

शर्यतीच्या सकाळी मैदानात ही गर्दी. भोंग्यावर गाणी, रंगीत कमान, तोंडातून वाफा. नानांनी फोन अक्कांपाशी ठेवला होता, खड्यांच्या खिशात तो मध्ये येतो म्हणून. साडेसहाला सुटलो. पहिल्या किलोमीटरलाच नाना पुढे गेले, त्यांचा तो पांढरा सदरा गर्दीत दिसेनासा झाला.

आता पुढचं सांगते. तिसऱ्या किलोमीटरच्या पाटीपाशी मी थांबले. पाय दुखत नव्हते. दम लागला होता, पण रोज लागायचा तेवढाच. आदल्या संध्याकाळी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा संपवला होता, सासूबाईंची ड्रेसिंगं केली होती, सकाळी चारला उठून डबे भरले होते. दोन्हीकडे केळीच्या बागा, निळ्या पिशव्या घातलेले घड, आणि समोर सरळ रस्ता. मला वाटलं, पुरे. कशासाठी? इतकंच वाटलं. मागून संयोजकांची जीप हळूहळू येत होती, थकलेल्यांना उचलणारी. मी हात केला आणि बसले. आत आणखी दोन बायका होत्या, आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता बसलो. जीप तिथूनच वळली आणि आम्हाला मैदानात सोडून पुन्हा रस्त्याला लागली.

मैदानात पोहे होते, गरम. खाल्ले. खरं सांगते, मला बरं वाटलं. नाना येतील तेव्हा कमानीपाशी टाळ्या वाजवायला उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं. लोक यायला लागले. पाऊण तास, एक तास. कॉलेजची पोरं, डॉक्टर, पोलीस, एक नऊवारीतल्या आजी. एक तास वीस मिनिटं झाली. मी कमानीच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिले. पंचवीस झाली. तेव्हा मला त्यांचं ते नेहमीचं वाक्य आठवलं. नाना थांबले असतील, हे तोपर्यंत माझ्या मनात आलंच नव्हतं. वर्षभर ज्या माणसाबरोबर चालले त्याला मी एवढंच ओळखलं होतं.

दीड तास झाल्याचा भोंगा वाजला. स्वयंसेवकांपैकी एक बाई हातात फोन घेऊन नावं विचारत हिंडत होत्या. "वळणावर एक आजोबा उभे आहेत. कोणाचे आहेत? परत फिरायलाच तयार नाहीत. आमची मुलं सांगतायत की तुमच्या बाई गाडीत बसून गेल्या असतील, तर म्हणतात..." त्यांनी फोन कानाला लावून पुन्हा विचारलं आणि मला सांगितलं, "म्हणतात, 'आमन्या बाई गाडीमा बसाव नहीत.'"

त्या बाईंच्या स्कूटीवर मागे बसून मी गेले. पाच किलोमीटर. वळणाचे शंकू उचलून झाले होते, पाण्याचं टेबल टेम्पोत चढवत होते, आणि जिथे मधला शंकू असेल नेमक्या त्या जागी नाना उभे होते. ऊन अंगावर आलं होतं. तासाभराहून जास्त उभे होते, गुडघा धरून आला असणार, कारण एका पायावर भार टाकला होता. स्कूटी जळगावच्या बाजूनेच आली, पण मी चालत येईन म्हणून ते रस्त्याच्या कडेला बघत होते. जवळ जाऊन हाक मारली तेव्हा दचकले.

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"पडन्यात का?"

"नाही."

"चक्कर उनी?"

"नाही."

"मंग?"

'थकले' हा शब्द मी त्यांना वर्षभर रोज ऐकवला होता. त्या क्षणी तो तोंडातून निघेना. मी म्हटलं, "पाय मुरगळला, नाना."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला कडेच्या दगडावर बसवलं, स्वतः खाली बसले, 'हूं' करत, आणि माझा बूट काढला. घोटा दाबून पाहिला, इकडून, तिकडून. मी योग्य वेळी 'आई गं' म्हटलं. तेही म्हटलं मी. त्यांनी गळ्यातला पंचा काढून माझ्या धडधाकट पायाला घट्ट बांधला, स्कूटीवाल्या बाईंना सांगितलं, "बाईस्ले हयूहयू लई जा," आणि वळले. मी म्हटलं, "नाना, तुम्हीही गाडीनेच या ना. टेम्पो आहे." म्हणाले, "अर्धी बीट कशी सोडू?" आणि चालायला लागले. खिशातला खडा बदलताना मी पाहिलं.

ते मैदानात पोचले तेव्हा कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती. पदकांचे खोके गेले होते. कोणीतरी उरलेली दोन केळी दिली. एक नानांनी अक्कांसाठी घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आंबेहळदीचा लेप घेऊन दारात. तिसऱ्या दिवशीही. मला लंगडणं भाग पडलं. नवीन महिन्याच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'बाईना पाय'. तेच महिन्याचं उद्दिष्ट. स्वतःही चालायला गेले नाहीत. एकट्याने काय जावानं, म्हणाले. प्रकाशला मी खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, सांगून टाक, म्हातारा हसेल. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या आठवड्यात अक्कांनी कळण्याची भाकरी आणि भरीत खायला बोलावलं. मी पायाला फडकं गुंडाळूनच गेले. नाना बाहेर होते. पदकाच्या खिळ्यावर आता कॅलेंडर टांगलेलं होतं. "मोकया खिया बरा दिसत नही," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, माझ्यामुळे गेलं त्यांचं पदक. थांबायला नको होतं त्यांनी.

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोऱ्याच नानांविषयी बोलल्या. "त्या थांबतीसच. त्यास्ले सांगीसन उपेग नही."

मग त्यांनी सुकदेवचं सांगितलं. सुकदेव पुढच्या बीटचा कीमन. रोज दुपारी टोकाला दोघांची गाठ पडायची, तंबाखू मळून व्हायची, आणि दोघे परतायचे. वैशाखातल्या एका दुपारी सुकदेव आला नाही. रुळावर हात ठेवला तर फोड यावा असं ऊन. नानांनी दहा मिनिटं वाट पाहिली. वाटलं, आज आधीच येऊन गेला असेल. परत फिरले. सुकदेव तिथून हाकेच्या अंतरावर, वळणापलीकडे, बाभळीखाली पडलेला होता, उन्हाने.

"वाचना तो," अक्का म्हणाल्या. "पन मंग लाईनवर उना नही. एक दिन घर उना, चहा पिना, आन् जाता जाता बोलना, 'किसन, आखो दहा मिन्टं थांबता ते?' बस. इतलंच. भांडना नही, काही नही. तवयपासून त्या आशा शेतस." तेव्हापासून नाना असे थांबतात, म्हणाल्या.

माझ्या पायाला ते फडकं होतं. मी तो पाय मागे ओढून घेतला. आता तर सांगणं आणखी अवघड झालं. मी आजारी नव्हते, पडले नव्हते, बाभळीखाली नव्हते. पोहे खात होते. मी त्या वर्षात पुष्कळ दमले, पण त्या खोट्याने जितकी दमले तितकी कशानेच नाही.

पुढे आमचं चालणं पुन्हा सुरू झालं, मोरीपासून. पण नानांच्या मुलाने धरणं धरलं होतं. तो सुरतेत कापडाच्या कारखान्यात आहे, अक्कांच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं, आणि मग दोघांना तिथेच ठेवायचं. जूनमध्ये ते गेले. नाना म्हणाले, "बीट पालटनी, आजून काय." त्यांच्याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला चालले होते. गाडी यायच्या आधी मी खडे मागितले, आठवण म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतल्या मुलाने मूर्खासारखा प्रश्न विचारल्यावर मी पाहते.

"खडा कोठेबी भेटस, बाई," ते म्हणाले, आणि आपले खडे घेऊन गाडीत बसले.

महिन्याच्या एक तारखेला फोन यायचा. आधी "पाय कसा शे?" आणि मग एक शब्द. 'रसवंती.' 'पेट्रोल पंप.' मी एकटीने जायचे, रस्त्यावरचे सोळा खडे खिशात घालून. माझं पाऊल नानांएवढं नाही. माझा किलोमीटर कधीच नीट बसत नाही. कधी कधी जायचेच नाही, पण फोनवर 'जाते' असं खोटं सांगायचे नाही. एवढं तरी ठरवलं होतं. डिसेंबर जवळ आला तेव्हा मी म्हटलं, नाना, यंदा पुन्हा आहे शर्यत, त्याच रस्त्याने. त्यांनी फक्त विचारलं, "कितीले सुटस?"

"साडेसहाला."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

यंदा मी तिसऱ्या किलोमीटरच्या पाटीपाशी थांबले नाही. थांबावंसं वाटलं. जीप मागे होतीच. तिच्या इंजिनाचा आवाज मला पूर्ण रस्ताभर ऐकू येत होता. बाजूला होत होत, सगळ्यांना पुढे जाऊ देत मी त्या वळणावर पोचले तेव्हा माझ्या मागे फारतर दहा-बारा माणसं असतील. शंकू जागेवर होता. तिथेच उभी राहिले आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"पोचले, नाना. वळणावर आहे."

मागे रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते, रस्त्यावर होते ते. "मी कवयना उभा शे आठे," म्हणाले. "बिल्डिंगपासून पाच किलोमीटरवर एक पूल शे, तठे. पाय कसा शे?"

मी मनात हिशेब केला. सकाळी साडेसहाला तिकडे तेही निघाले होते, खडे मोजत, आणि पुलावर उभे होते. माझी गाठ पडल्याशिवाय फिरणार नव्हते.

"नाना," मी म्हटलं, "तेव्हा माझा पाय मुरगळलाच नव्हता. काही झालं नव्हतं मला. थकले होते म्हणून गाडीत बसले. तुम्हाला खोटं सांगितलं."

तिकडे पुलावरून एक जड वाहन गेलं, त्याचा आवाज आला. पाण्याच्या टेबलापाशी उभा असलेला माणूस माझ्याकडे बघत होता, कारण मी रडत होते.

"आज थकन्यात का?" नानांनी विचारलं.

"हो. खूप."

"गाडीमा बसन्यात का?"

"नाही."

"मंग फिरा आते," ते म्हणाले. "ऊन व्हई ऱ्हायनं. मीबी फिरस."